नागपूरच्या आसपासची उत्खननाची ठिकाणं कशी बघायची, आणि तिथं काय करायचं नाही

वेरूळ-अजिंठ्याला जायचं म्हटलं की नागपूरवाले दोन दिवस आधीपासून बॅग भरतात. पण काटोल रोडनं अर्ध्या-पाऊण तासावर अडीच हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे म्हटलं की "हो का?" म्हणून विषय बदलतात, आणि जे कोणी खरंच जातात ते दहा मिनिटांत "दगडंच तर आहेत बे" म्हणत गाडीला किक मारतात. त्यांचं पण काही चुकत नाही, कारण खणून झालेल्या जागेवर मूर्ती, नाणी, दागिने असलं काही ठेवलेलं नसतंच. जे निघालं ते म्युझियमात नाहीतर विद्यापीठाच्या पेट्यांमध्ये गेलं, जागेवर उरली माती, दगड, विटा आणि खापरं. ती वाचता आली तर अख्खा दिवस पुरत नाही, नाही आली तर खरंच काही नाही तिथं.

म्हणून हे लिहितोय, शाळेतल्या मास्तरांसाठी, रविवारी बाईक काढणाऱ्या पोरांसाठी, आणि ज्यांच्या वावरात नांगराला कधी विचित्र वीट लागली त्यांच्यासाठी पण. मी प्रोफेसर नाही, फिरून फिरून आणि जाणत्या लोकांना प्रश्न विचारून विचारून जेवढं कळलं तेवढं सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. वस्तूपेक्षा तिची जागा महत्त्वाची. ती कोणत्या थरात होती, कशाच्या शेजारी होती, वर काय होतं, खाली काय होतं, ही माहिती एकदा गेली की ती वस्तू फक्त शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीची राहते. रामटेकजवळच्या नगरधनचं उदाहरण घ्या. डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं तिथं २०१५ ते २०१८ मध्ये उत्खनन केलं, त्यात मातीची एक छोटी अंडाकृती मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा ठसा, निघाली, वजन ६.४० ग्रॅम, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या जरा वर, म्हणजे अंगठ्याखाली झाकून जाईल एवढी. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्ताचं नाव आणि सोबत शंख. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी, नवरा गेल्यावर मुलाच्या नावानं राज्य हिनंच चालवलं. आता हा मातीचा गोळा नगरधनच्या वस्तीच्या थरातून, हिशोब ठेवून, बाहेर आला म्हणून नगरधन म्हणजेच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, या म्हणण्याला जोर मिळाला. तोच जर कोण्या भंगारवाल्याकडे मिळाला असता तर? नाव वाचलं असतं, बस. कुठला, कधीचा, कोणत्या घरातला, काहीच सांगता आलं नसतं.

उलटं उदाहरण पण आपल्या शेजारचंच आहे. बालाघाट जिल्ह्यात गुंगेरियाला १८७० मध्ये गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला, खणलं तर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे. एवढा मोठा साठा, पण शास्त्रशुद्ध खोदकाम झालं नाही, थर कोणी नोंदवला नाही, त्यामुळे हा माल नेमका कधीचा यावर अजून वाद घालत बसतात लोक.

जायच्या आधी

घरून निघायच्या आधी एक संध्याकाळ वाचायला द्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १९५३-५४ पासून दरवर्षीच्या उत्खननांचा आढावा छापत आलंय, इंडियन आर्किऑलॉजी अ रिव्ह्यू नावानं, आणि जुने अंक नेटवर फुकट मिळतात. इंग्रजी रुक्ष आहे, पण तुम्हाला तुमच्या गावाची दोन पानंच वाचायचीत. गावाचं नाव जुन्या स्पेलिंगनं शोधा आणि नकाशा व थरांचं चित्र असेल तर त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, जागेवर उभं राहून तोच उपयोगी पडतो. ज्यांना जास्त खोलात जायचंय त्यांनी शां. भा. देव यांचे अहवाल शोधावेत. नागपूर विद्यापीठाच्या वतीनं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ-सत्तरच्या दशकात पवनार, टाकळघाट-खापा, पवनी, माहुरझरी असा धडाकाच लावला होता.

सामान फार नको. पाणी भरपूर, टोपी, बंद बूट (गवतात साप असतात, सँडलवर हिरोगिरी नको), वही, पेन्सिल, शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी आणि चार्ज केलेला मोबाईल. खुरपी, कुदळ घ्यायची नाही. मेटल डिटेक्टर तर अजिबात नाही, आजकाल ऑनलाइन मिळतो म्हणून पोरं घेऊन फिरतात, पण संरक्षित जागेवर ते घेऊन सापडलात तर तुम्ही हौशी आहात हे कोणी ऐकून घेणार नाही.

सीझन म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गवत टोंगळ्याच्या वर जातं आणि काळी माती बुटाला किलो-किलोनं चिकटते, मे महिन्यात आपल्या ४५ डिग्रीत तुम्हाला इतिहास सोडून फक्त सावली दिसेल. खुद्द उत्खननवाले पण पावसाळा संपल्यावर सुरू करतात आणि ऊन तापायच्या आत गुंडाळतात.

दगडांची वर्तुळं कशी वाचायची

सुरुवात काटोल रोडवरच्या जुनापाणीपासून करा, जवळ आहे आणि शिकायला सोपं आहे. इथं सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मेलेल्यांना पुरून भोवती मोठे दगड गोल मांडलेल्या जागा. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथल्या खोदकामाबद्दल लिहिलं, त्याला लोखंडाचे खंजीर, कुऱ्हाडी, कडी, घोड्याचे लगाम असं बरंच काही मिळालं होतं. नंतर १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं नीट पद्धतीनं उघडली. ही सगळी लोखंड वापरणाऱ्या लोकांची स्मारकं आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली.

पोचल्यावर लगेच फोटो काढू नका. आधी थोडं उंचावर जाऊन चारही बाजूंनी बघा, वर्तुळं एकटीदुकटी आहेत की घोळक्यानं, नाला कुठल्या अंगाला आहे, सपाट जमीन शेतीची आहे की मुरमाची. बहुतेक ठिकाणी वर्तुळं मुरमाड, पिकाला नालायक जमिनीवर दिसतील, आणि ते साहजिक आहे, चांगलं वावर कोण कशाला मेलेल्यांसाठी अडवेल? मग एक वर्तुळ निवडा आणि त्याच्यावरच अर्धा तास घालवा. बाहेरचे गोटे मोजा, कोणते जागेवर आहेत आणि कोणते लोळलेत ते बघा. पावलांनी व्यास मोजा. मधला भाग बघा: तो जर हलका फुगीर असेल, बारीक दगडगोट्यांनी भरलेला, तर बऱ्यापैकी शाबूत आहे, आणि मध्ये बशीसारखा खड्डा असेल तर तिथं कोणीतरी हात घातलाय, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा साहेब असो की मागच्या अमावास्येचा गुप्तधनवाला.

या गुप्तधनवाल्यांबद्दल एक सांगूनच टाकतो. विदर्भातल्या कित्येक वर्तुळांच्या मधोमध लिंबू, कुंकू आणि ताजा खड्डा दिसतो. भाऊ, खाली लोखंडी कुऱ्हाड, काळी-तांबडी मडकी, आणि हाडांचे तुकडे असतात. माहुरझरीला थोडंफार सोनं निघालं हे खरं, पण ते उत्खननात मोजूनमापून निघालं, हंडा वगैरे नाही. एका रात्रीच्या खड्ड्यानं जे वर्तुळ फुटतं ते पुन्हा कोणालाच वाचता येत नाही.

दगडांवर लहान लहान वाटीसारखे खळगे शोधा. जुनापाणीच्या काही गोट्यांवर ते रांगेत कोरलेले आहेत. दुपारी बारा वाजता गेलात तर एकही दिसणार नाही, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, ऊन तिरपं पडलं की खळग्याच्या एका कडेला सावली धरते आणि रांग उठून दिसते. बोटानं चाचपून बघितलं तरी चालतं, खडूनं रंगवून फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर लाइक मिळतात पण दगडाची वाट लागते. ते कशासाठी कोरले? नक्षत्रांशी, दिशांशी संबंध जोडणारे अभ्यास झालेत, पण त्यावर एकमत झालेलं नाही, तेव्हा कोणी छातीठोकपणे "ही सप्तर्षींची आकृती" म्हणाला तर मान हलवा आणि पुढं चला.

थापरांसारखे लोक असं वर्तुळ कसं उघडतात तेही समजून घ्या, म्हणजे खणून झालेलं वर्तुळ ओळखता येतं. वर्तुळाचे क्रॉस मारून चार भाग करतात, आणि समोरासमोरचे दोन भाग आधी खणतात. मधल्या पट्ट्या तशाच उभ्या ठेवतात, त्यामुळे भिंतीसारखा काप तयार होतो आणि आडवा-उभा दोन्हीकडून थर दिसतात: वरचा भराव, खाली चिकट काळ्या मातीचा लेप, त्याच्याखाली पुरलेलं सामान. सगळं एकदम उकरलं असतं तर हा काप मिळालाच नसता.

जुनापाणी झालं की माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड असा क्रम ठेवा. टाकळघाट-खापा बुटीबोरीच्या बाजूला. टाकळघाटला राहायची वस्ती आणि खाप्याला वर्तुळं, म्हणजे माणसं कुठं राहायची आणि कुठं पुरायची हे दोन्ही एकत्र बघायला मिळतं. माहुरझरी मण्यांसाठी प्रसिद्ध, अकीक आणि तसल्या रंगीत दगडांचे मणी इथं बनायचे, शिवाय घोड्याचे अवशेष आणि घोड्याच्या चेहऱ्यावर घालायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने पण निघाले. माणसाबरोबर घोडा पुरायचे म्हणजे घोड्याची किंमत काय असेल विचार करा. नायकुंडला पारशिवनीकडे पेंच नदीकाठी लोखंड गाळायची भट्टी सापडली, फुंकायच्या मातीच्या नळ्या आणि मळीसकट (मळी म्हणजे लोखंड गाळल्यावर उरणारा कचरा).

मळी ओळखायची तर वजन बघा आणि अंग बघा. लोखंडाची मळी जड, काळपट, आणि तिच्यावर बुडबुडे फुटल्याची भोकं असतात, कधी कधी वितळून ओघळल्याची खूण पण. रामटेक-मनसर पट्ट्यात मँगनीजचे गोटे सगळीकडे पडलेले असतात, तेही काळे आणि जड, पण त्यांना बुडबुडे नसतात. भले भले इथंच फसतात.

टेकाड कसं वाचायचं

वर्तुळं डोळ्याला दिसतात, वस्तीचं टेकाड दिसत नाही, ते ओळखावं लागतं. गावात गेल्यावर तलाठ्याकडे किंवा कोतवालाकडे "इथं रिठी कुठं आहे जी?" असं विचारा. उजाड झालेल्या गावांना आपल्याकडे महसुली कागदात रिठीच म्हणतात, आणि त्यातल्या कितीतरी जागा जुन्या वस्तीच्या असतात. म्हाताऱ्यांना "पांढर कुठं आहे" विचारा. आजूबाजूची सगळी जमीन काळीभोर आणि मध्येच एक उंचवटा राखाडी-पांढुरका, तर तिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिलीत: राख, शेण, पडक्या मातीच्या भिंती, कचरा, हे सगळं साचून तो रंग आलाय. शेतकरी हीच माती बंडी भरभरून शेतात टाकायला नेतात, त्यामुळे टेकाडाला एका बाजूनं काप पडलेला असतो. त्या कापापाशी जा.

असा काप (किंवा नदीची दरड, नव्या शेततळ्याची भिंत, रस्त्यासाठी तोडलेला भाग) खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली जिथं खापरं, कोळसा, हाड काहीच नाही, नुसती पिवळी माती किंवा मुरूम, तिथं माणूस अजून आलेला नव्हता. त्याच्यावर पहिली राख दिसली की गाव सुरू झालं. मग रंग बदलतो तिथं तिथं नजर थांबवा, काळपट पट्टा म्हणजे जळालेलं किंवा चुलीचं, कडक चपटी रेष म्हणजे सारवलेली जमीन, विटांचे तुकडे एका पातळीत म्हणजे पडलेली भिंत. मोबाईलवर फोटो काढा, पट्टी उभी लावून, आणि वहीत हातानं पण चित्र काढा. चित्र काढताना जे दिसतं ते फोटो काढताना दिसत नाही, हे मी शंभर टक्के सांगतो.

दोन फसवणुकी आहेत. पहिली खड्ड्यांची. जुन्या लोकांनीही धान्यासाठी, कचऱ्यासाठी खड्डे खणले होते, त्यामुळे नंतरच्या काळातली वस्तू खड्ड्यातून खालच्या थरात पोचलेली असते. कापात खड्ड्याची कड दिसते, थर अचानक तुटतात आणि वाटीच्या आकारात वेगळ्या रंगाची माती भरलेली असते, ती कड नीट शोधायची. दुसरी आपल्या काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती फाटते हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस आला की फुगून मिटतात. वरची खापरी, मणी, परवाचं बाटलीचं झाकण सुद्धा त्या भेगेतून खाली जातं आणि भेग मिटली की असं वाटतं जणू ते तिथलंच. म्हणून काळ्या मातीत मिळालेल्या एकट्यादुकट्या वस्तूवर जाणकार लोक कधीच काळ ठरवत नाहीत, तसल्या दहा-वीस गोष्टी एकाच पातळीत मिळाल्या तर बोलतात.

मोठं टेकाड बघायचं तर कुही तालुक्यातलं आदम. इथं अमरेंद्रनाथ यांच्या हाताखाली पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९८८ ते १९९२ दरम्यान उत्खनन केलं. मातीच्या तटबंदीचं अख्खं नगर आहे, बाहेरून खंदक. इथं मिळालेल्या एका मुद्रेवर अस्सक जनपदाचं, म्हणजे अस्सक नावाच्या प्राचीन राज्याचं, नाव आहे. तटाच्या कडेनं चालत फेरी मारा, कुठं उंची कमी होते ते बघत, तिथं दार असण्याची शक्यता शोधत. वैनगंगेकाठचं पवनी भंडारा जिल्ह्यात पडतं, तिथं पण तट-खंदक आहे, आणि जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये मोठा बौद्ध स्तूप उघडा झाला. पवनीला मात्र आजचं गाव जुन्या गावाच्या उरावर बसलंय, नगरधनसारखंच, त्यामुळे जिथं मोकळी जागा मिळाली तिथंच खणता आलं.

खापरं

ज्याला खापरं कळली त्याला अर्धं पुरातत्त्व कळलं. नाणी कोणी फेकत नाही, मडकं रोज फुटतं, आणि मडक्याची फॅशन बदलत राहते, म्हणून काळ ठरवायला खापरासारखं दुसरं काही नाही.

आपल्या भागात दोन प्रकार आधी शिका. एक काळी-तांबडी: आतून आणि काठाला काळी, बाहेरून खाली लाल. मडकं भट्टीत पालथं ठेवून भाजायचे, आतल्या बाजूला हवा पोचत नाही म्हणून काळं राहतं. दुसरं अभ्रकाचं लाल: उन्हात धरलं की बारीक बारीक चमचम करतं. ही दोन्ही वर्तुळांच्या काळातल्या लोकांशी जोडलेली आहेत.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट, कवेलू. विदर्भात टेकाडावर मिळणाऱ्या "पुरातन" तुकड्यांपैकी कित्येक हे आजोबांच्या घराच्या छपरावरचे कवेलू असतात. ओळखायचं कसं? तुकडा तळहातावर ठेवा. मडक्याच्या तुकड्याला दोन्हीकडून गोलाई असते, आडवी पण आणि उभी पण, कवेलूला एकाच दिशेनं, दुसरीकडून सरळ. मडक्याच्या आतल्या अंगाला चाकाच्या बारीक समांतर रेघा दिसतील, कवेलूच्या आत बहुतेक वेळा खरबरीत, वाळू लागलेलं. काठाचा तुकडा असेल तर तोच महत्त्वाचा, कारण काठावरून मडक्याचा आकार आणि तोंड केवढं होतं ते काढता येतं. पोटाच्या तुकड्यावरून फार काही कळत नाही.

विटांना पट्टी लावा. सातवाहन-वाकाटक काळातल्या विटा आजच्या विटांपेक्षा खूपच मोठ्या, लांबीला दोन वितींच्या आसपास, आणि पसरट. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही लिहा, एका विटेवर जाऊ नका, पाच-सात मोजा. मनसरला हे करायला मजा येते, तिथल्या विटांच्या भिंती डोळ्यासमोर उभ्या आहेत.

संरक्षित जागेवर खापर उचलायचंच नाही, बसून बघायचं. कोणाच्या वावरात, मालकाला विचारून, उचललं तरी बघून झाल्यावर जिथं होतं तिथंच परत ठेवायचं. "एवढ्या हजार खापऱ्यांतून एक नेली तर काय होते" हे प्रत्येक जण म्हणतो, आणि जुनापाणी-माहुरझरीला सहली जातात पन्नास-पन्नास पोरांच्या. हिशोब तुम्हीच करा.

काही सापडलं तर

विहीर खणताना, ट्रॅक्टरनं नांगरताना, ले-आऊट पाडताना वस्तू निघतात. पवनारला विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली होती, त्यातला भरत-राम भेटीचा पट आजही आश्रमात आहे. तेव्हा आपल्याकडे काही निघणं ही अजब गोष्ट नाही.

निघालं की काम थांबवा. वस्तू बाहेर ओढू नका, धुऊ नका, लिंबू-चिंच लावून तांबं चमकवू नका (त्या हिरव्या थरातच माहिती असते). जशी आहे तशी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून एक जवळून, एक लांबून असा की मागचं झाड किंवा विहीर दिसेल. मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा. जमिनीपासून किती फूट खाली होतं ते लगेच लिहा, संध्याकाळपर्यंत ते दुप्पट होतं.

मग कळवा. पोलीस पाटील, तहसीलदार, कलेक्टर ऑफिस, नाहीतर थेट पुरातत्त्व खात्याचं नागपूरचं कार्यालय. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत लपलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची मौल्यवान वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये म्हणजे आज काहीही आलं त्यात. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंचा धंदा लायसनशिवाय करता येत नाही. आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते.

लोक कळवत नाहीत याचं कारण मला माहीत आहे, भीती वाटते की सरकार जमीन घेईल. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं अशाच भीतीनं कोरलेला दगड परत बुजवून टाकला, वर तूर पेरली. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत, कारण एका हापिसात तो फोटो घेऊन गेला होता आणि तिथं त्याला "अर्ज टायपून आणा" म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. म्हणून सल्ला असा: एकटं जाऊ नका, गावातला मास्तर किंवा कॉलेजचा इतिहासाचा प्राध्यापक सोबत घ्या, फोटो छापून न्या, आणि अर्जाची पोच घ्या.

चालू उत्खनन बघायचं असेल, किंवा करायचं असेल

परवाना लागतो, तो सरकारकडून संस्थांना मिळतो, हौशी ग्रुपला नाही, त्यामुळे "आपण चार मित्र मिळून खणू" हा विषयच सोडा. आत शिरायचा सरळ रस्ता कॉलेजातून जातो, नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विभाग आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे.

चालू साइटवर पाहुणे म्हणून गेलात तर आधी प्रमुखाला भेटा. खड्ड्याच्या कडेला उभं राहू नका, कड ढासळते आणि तिच्यासोबत वाचायचा थर पण जातो. खड्ड्यांच्या मध्ये मातीच्या ज्या पट्ट्या सोडलेल्या असतात त्यावरून चालायचं की नाही ते विचारा. फोटोला नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांचं अजून छापून यायचंय.

काम करायला मिळालं तर पहिल्याच दिवशी हातात ब्रश देऊन सांगाडा साफ करायला लावतील अशी स्वप्नं बघू नका. खापरं धुवायला बसवतील. टबात पाणी, जुना दात घासायचा ब्रश, आणि घमेलंभर चिखलाची खापरं, आणि त्यात एक नियम: एका थराचं घमेलं संपून वाळत टाकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. वाळली की प्रत्येक तुकड्यावर आतल्या बाजूला, काठ सोडून, बारीक निबेनं काळ्या शाईनं लिहायचं: जागेचं लघुनाव, वर्ष, खड्ड्याचा नंबर, आणि थराचा आकडा गोलात. वरून एक हात पारदर्शक लेपाचा. नखाएवढ्या तुकड्यावर हे सगळं बसवताना मान मोडते. कंटाळा येतोच, पण चाळीस वर्षांनी पेटी उघडणाऱ्याला तो गोलातला आकडाच सांगतो हे खापर कुठलं.

कोळसा मिळाला तर बोट लावायचं नाही हे पण तेव्हाच शिकवतात. चिमट्यानं किंवा खुरपीच्या टोकानं उचलून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळतात, कारण कार्बन डेटिंगला, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून वय काढायला, तो जाणार असतो आणि हाताचं तेल, बिडीची राख, कागद, कापूस यातला आजचा कार्बन त्यात मिसळायला नको.

एका दिवसाचा बेत

सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर जबलपूर रोडनं निघा. आधी मनसर, हिडिंबा टेकडी आणि तिच्या आजूबाजूचं विटांचं बांधकाम. १९९८ पासून जगतपती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी इथं खणलं आणि टेकडीवर प्रवरेश्वराचं, म्हणजे शंकराचं, देवालय होतं हे मुद्रांवरून पुढं आलं. काही वास्तूंचा अर्थ काय लावायचा यावर अभ्यासकांचं जमत नाही, तेव्हा गाइड एकच गोष्ट ठासून सांगत असेल तर दुसरी बाजू पण वाचा. इथं पूर्वी सापडलेली सुंदर शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली, ती इथं शोधत बसू नका.

तिथून नगरधन. किल्ला जो दिसतो तो बराच नंतरचा, त्याला वाकाटकांचा म्हणू नका, वाकाटकांचं नगर गावाच्या घरांखाली आणि आसपासच्या वावरांत आहे. धुऱ्यावरून चालत गावाला एक वळसा घाला, जमीन कुठं चढते ते पायाला कळतं. ऊन उतरल्यावर रामटेक गडावर केवल नरसिंहाच्या देवळात जा, तिथल्या भिंतीतला शिलालेख प्रभावतीगुप्ताच्या घराण्याशी जोडतात. गडावरून खाली बघितलं की नगरधन आणि मनसर दोन्हीकडच्या दिशा लक्षात येतात, ते अंतर वहीत लिहून ठेवा. वर माकडं फार आहेत, पिशवी घट्ट धरा.

सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला मात्र त्याच दिवशी कोंबू नका, त्याला वेगळा अर्धा दिवस द्या, आणि तोही वर्तुळं बघून झाल्यावर. १८६३ चं म्युझियम आहे, आधी गेलात तर काचेआडची गंजकी कुऱ्हाड म्हणजे गंजकी कुऱ्हाडच दिसेल. प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी वाचताना गावाचं नाव आहे का बघा, असेल तर वहीतल्या त्या गावाच्या पानावर वस्तूचं नाव चढवा. सोमवारी बंद असतं.